गोऱ्या म्हाताऱ्याचा पारनेरी आवाज

मी आजवर इंग्लंडात बऱ्याच वेळा मेलो आहे. विष पिऊन मेलो, जिन्यावरून ढकलला जाऊन मेलो, एकदा तर चर्चच्या घंटेच्या दोराला लटकलेला सापडलो. माझ्याकडे पासपोर्ट नाही. नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर पुण्याच्या एसटीत बसायचं, उतरून रिक्षा करायची, एका बंद खोलीत जाऊन मरायचं आणि संध्याकाळी जेवायला घरी. बायको विचारते, "आज कसे गेलात?" मी म्हणतो, "छातीत चाकू." ती म्हणते, "हात धुऊन घ्या."

तर, मी एका इंग्रज नटाचा मराठी आवाज आहे. त्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. त्याच्या देशात तरी ते कितीजणांना ठाऊक असेल, शंकाच आहे. चेहरा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. "अरे हा तो, त्या अमक्यात होता बघ," असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्या पंगतीतला नट. मीही त्याच पंगतीतला, फक्त माझी पंगत नगरची. नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर उभं आयुष्य काढलं आणि संध्याकाळी स्पर्धेची नाटकं केली. नाटकात मी कोण? दुसरा शेतकरी, हवालदार, नायिकेचा दम लागलेला बाप. नायकाचं काम कधी आलं नाही. नायकाला म्हणे उंची लागते, आणि आमच्या दिग्दर्शकांना ती नेमकी त्यांच्या मेव्हण्यात सापडायची.

रिटायर झालो आणि नाटकातल्या एका मित्राने पुण्याच्या स्टुडिओत पाठवलं. मोबाईलवर दिसणाऱ्या परदेशी मालिका तिथे मराठीत करतात. म्हाताऱ्या आवाजांचा दुष्काळ होता. पुण्यात म्हातारे कमी आहेत असं नाही, पण दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायला ते तयार होत नसावेत.

पहिल्या दिवशी काचेपलीकडे पडद्यावर हा माणूस बघितला. उंच, कमरेत वाकलेला, कानात केस, डोळ्यांखाली पिशव्या आणि खालचा ओठ सदा लोंबता. तरुणपणी मोठा नट असेल बिचारा, असं वाटून मी बायकोला त्याची जुनी कामं शोधायला लावली. तिने मोबाईल पुढे केला. पंचविशीतही हा म्हाताराच करत होता, फक्त दाढी चिकटवलेली होती. आता खरंच म्हातारा झाल्यावर त्याचं नशीब उघडलंय. तिकडच्या टीव्हीला त्याच्यावाचून चैन पडत नाही. एका मालिकेत पाद्री, दुसरीत न्यायाधीश, तिसरीत सगळं विसरलेला कर्नल, चौथीत दवाखान्याच्या खाटेवर पडून "तो... तो..." म्हणणारा पेशंट. काम दहा मिनिटांचं. तिकडेही मालिकेत म्हाताऱ्याला दोनच उद्योग. काहीतरी बघायचं, आणि ते कोणाला सांगायच्या आत मरायचं.

मालिका कमी पडल्या म्हणून की काय, तो स्वतः म्हणूनही टीव्हीवर येतो. एकदा सोफ्यावर बसून त्याने गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगितली आणि समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे कोणी गुडघ्याचं ऑपरेशन सांगायला लागलं की लोक चपला शोधतात. एका कार्यक्रमात तो जुनी गाडी घेऊन गावोगावच्या बेकऱ्या हिंडतो, पाव खातो आणि "वा" म्हणतो. अख्ख्या भागात मला "वा" आणि "हं" एवढंच. पण ते भरल्या तोंडाने म्हणायचं, म्हणून मी डब्यातली चपाती कोंबून म्हटलं. दिग्दर्शिका खूश झाली. ती माझ्या मुलीच्या वयाची, मला काका म्हणते. म्हणाली, "काका, किती खरं वाटतंय!" अगं, चपाती खरी होती.

त्याची एक खोड आहे. वाक्यातला शेवटचा शब्द टाकायच्या आधी तो थांबतो आणि ओठ आत ओढतो. ती जागा मला सांभाळावी लागते, नाहीतर पडद्यावर तोंड बंद आणि आवाज चालू. सवय इतकी लागली की मी घरीही तसाच बोलायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, वांगी आणायची की दोडका, ते एका दमात सांगा. मी म्हातारी व्हायला लागले इथं उभी राहून."

असं सगळं मजेत चाललेलं असताना आमच्या भावाला झटका आला.

भाऊ माझ्यापेक्षा थोरला. पारनेर तालुक्यात आमचं गाव, तिथेच त्याची शेती. सकाळी भाऊ उठला आणि उजवा हात हलेना, तोंड वाकडं झालेलं. नगरला आणलं, उपचार झाले, जीव वाचला. हात थोडा हलायला लागला, पाय ओढत का होईना पण चालायला लागला. वाचा मात्र गेली. आणि गेली ती कोणाची? भाऊ आठवडे बाजारात नुसता बोलून बैलाची किंमत चढवायचा. लग्न मोडायला आणि जुळवायला लोक त्यालाच घेऊन जायचे. गावात भांडण झालं तर भांडणारे गप्प व्हायचे, कारण भाऊ बोलायला लागलेला असायचा. तो माणूस आता ओसरीवर खुर्चीत बसून रस्ता बघत होता.

डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही, ऐकू येतंय, समजतंयही बरंचसं. शब्द सापडत नाहीत. रोजच्या सवयीचं काही कानावर पडत राहू द्या, एखादवेळी आपसूक निघेल तोंडातून. झालं, गावाला काम मिळालं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जात नाहीत, त्याची तोंडी परीक्षा घ्यायला जातात. जो येईल तो भावाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा, "वळाकलं का? मी कोन? सांगा बरं, कोन मी?" भाऊ ज्या नजरेने बघायचा, त्यात उत्तर स्पष्ट होतं, फक्त ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. मग येणारे वहिनीला म्हणायचे, "न्हाई हो, न्हाई वळाकलं," आणि चहा पिऊन पुढच्याला पाठवायचे.

मी गेलो की वहिनी चहा ठेवून दारात उभी राहायची. एकदा म्हणाली, "भावजी, त्या गोऱ्याला आवाज देता म्हनं तुमी. जरा ह्यांलाबी द्या की."

ती चेष्टेनेच म्हणाली. पण डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला ती आत गेली. मला वाईट वाटलं, रागही आला, कोणावर ते कळेना. मला त्या दिवसापासून एकच पाहिजे होतं. भावाने काहीतरी बोलावं. वाक्य नको, शिवी चालेल.

सवयीचं म्हणजे काय, याचा मी एसटीत बसून विचार केला आणि आमचे आबा आठवले. आबा म्हणजे आमचे वडील. सकाळी ते गोठ्यासमोरच्या दगडावर घराकडे पाठ करून बसायचे. तोंड जनावरांकडे. घरातून कोणी उंबरा ओलांडला की मागे वळून न बघता त्यांचा प्रश्न ठरलेला, "कुनीकडं निघालास रं?" पाठीला डोळे होते की काय देव जाणे. भावाचं उत्तरही ठरलेलं, "कुटं न्हाई, हितंच हाय." हे म्हणेपर्यंत तो पार वेशीपाशी तालमीकडे गेलेला असायचा. त्याच्या लग्नानंतरही हेच, त्याला पोरं झाल्यावरही हेच. मी दाराआड उभा राहून आबांचा आवाज काढायचो आणि भाऊ हसू दाबत म्हणायचा, "तू गप." माझ्या अभिनयावरची ती पहिली प्रतिक्रिया. पुढेही स्पर्धांचे निकाल साधारण त्याच अर्थाचे लागत गेले. पण मला "तू गप" म्हणायचा हक्क घरात त्याचा एकट्याचाच. बायकोही म्हणते, पण ती "तुम्ही गप बसा" म्हणते, मान राखून.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा भावासमोर बसलो, घसा खाकरला आणि आबांच्या आवाजात म्हटलं, "कुनीकडं निघालास रं?" हुबेहूब निघाला आवाज, वहिनी स्वयंपाकघरातून पळत आली. भावाने माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत. आणि परत रस्ता बघायला लागला. त्याचं तरी काय चुकलं? समोर मी बसलेलो, टक्कल, चष्मा, हातात बिस्किटाचा पुडा. नक्कल करणारा डोळ्यांसमोर असला की ऐकू येते ती नक्कलच. मी आणखी दोन-चारदा करून बघितलं, मग वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी, तरास व्हतो त्यांला." मी बिस्किटं ठेवून निघालो.

आणि मग स्टुडिओत तो माळी आला.

नवीन मालिका होती. इंग्लंडातलं खेडं, मोठा बंगला, बंगल्यात खून. माझा म्हातारा या खेपेला माळी. सकाळी बागेत गुलाब छाटत उभा आहे, कॅमेऱ्याकडे पाठ. बंगल्याचा धाकटा मालक, जो खुनी आहे, चोरपावलांनी मागच्या फाटकाकडे निघालाय. म्हाताऱ्याने त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं, म्हणून मागे वळून न बघता तो अरेतुरेतच विचारतो, कुठे निघालास म्हणून. त्यानंतर दोन मिनिटांत म्हातारा मरतो. हे आपलं नेहमीचंच.

मी ती पाठ बघितली. वाकलेली, एक खांदा खाली, मानेवर टोपीचा वळ. माझ्या अंगावर काटा आला. आबा गोऱ्याचे कपडे घालून बसले होते जणू.

दिग्दर्शिका म्हणाली, "काका, हा माळी आहे ना, तर गावरान करा." या धंद्यात एक नियम आहे. ज्या इंग्रजाच्या बुटाला चिखल आहे तो गावरान बोलतो, ज्याच्या बुटाला पॉलिश आहे तो सदाशिव पेठेत राहतो. मी विचारलं, "कुठल्या गावचं करू?" ती म्हणाली, "गावचं म्हणजे... गावचं हो काका." मी म्हटलं बरं, आणि अख्खा भाग आबांच्या आवाजात, आबांच्या बोलीत करून टाकला. गुलाबाला खत कधी घालावं तेही आबांच्या बोलीत. आबांनी गुलाब कधी लावला नव्हता, पण कांद्याबद्दल ते ज्या सुरात बोलायचे तो सूर गुलाबाला चालून गेला.

आठवड्याने फोन आला. भाषा तपासणाऱ्यांना पसंत नव्हतं. गावरान आहे, पण गावरान वाटत नाही म्हणे. प्रेक्षकांना सिनेमातल्यासारखं पाहिजे. मी पुण्याला गेलो आणि भांडलो. तोंडाला फेस येईपर्यंत भांडलो आणि हरलो. पुन्हा सगळं बोललो, एक शब्द कोल्हापूरचा, एक साताऱ्याचा, मध्येच एक "जी" कुठून आला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. इंग्लंडातल्या त्या माळ्याने एवढ्या जिल्ह्यांतून बदल्या कधी घेतल्या असतील, कोणी विचारलं नाही. संध्याकाळ झाली, पुढच्यांना खोली पाहिजे होती. एक वाक्य राहिलं, पाठमोरं. ओठ दिसत नसल्याने दिग्दर्शिका म्हणाली, "ते जुनंच राहू दे काका, कोणाला कळतंय." मी तिला मनात म्हटलं, बाई, तुझं कल्याण होवो.

मालिका मोबाईलवर आली. मी ती घेऊन गावाला जाणार होतो, तेवढ्यात गावच माझ्याकडे आलं. म्हणजे तरुण मंडळाचा फोन. यात्रेत देवळासमोर पडदा लावून "आपल्या गावच्या कलाकाराची" मालिका दाखवणार होते, त्याआधी शाल-श्रीफळ. एरवी मी आढेवेढे घेतले असते, निदान पाच मिनिटं. या वेळी लगेच हो म्हटलं आणि वहिनीला कळवलं की भावाला खुर्चीत घालून पुढे आणून बसवा.

बायकोला घेऊन गेलो. वेशीवर हा एवढा मोठा फ्लेक्स. वर लिहिलेलं, "गावचे सुपुत्र, ज्येष्ठ अभिनेते यांचे सहर्ष स्वागत," खाली माझं नाव, आणि मधोमध गोरा. माझा गोरा! कानातल्या केसांसकट. कॉम्प्युटरवर त्याला कोणीतरी भगवा फेटा बांधला होता आणि कपाळाला गंध लावलं होतं. खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यांत एकजण दोनच दिवसांपूर्वी पंचायतीत निवडून आलेला, गॉगल लावून. मी मंडळाच्या अध्यक्षाला धरला. म्हटलं, "अरे, हा मी आहे का?" तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "काका, तुमचा फोटू टाकला असता तर कुनी वळाकलं असतं का? ह्याला पब्लिक वळाकतंय." बायको फ्लेक्सकडे बघत म्हणाली, "फेटा शोभतोय हो त्याला."

दुपारी कुस्त्यांचा हगामा झाला. दिवस मावळताना देवळासमोर पडदा लागला. सरपंचांनी मला शाल पांघरली, पण भाषणात गोऱ्याच्याच कामांचं कौतुक केलं. "न्यायाधीश म्हनून यांनी जो निकाल दिला," वगैरे. मी मान डोलावत होतो. लक्ष सगळं पहिल्या रांगेत. भाऊ खुर्चीत बसला होता, धुतलेली टोपी, मांडीवर निकामी हात. वहिनी शेजारी सतरंजीवर. परीक्षा घेणारे तिथेही होतेच. एकजण माझ्याकडे बोट दाखवून भावाला ओरडून विचारत होता, "ह्यो कोन? सांगा बरं!"

मालिका सुरू झाली. माळी आला आणि बोलायला लागला तशी मागे कुजबुज. "ह्यो कुठला म्हनायचा?" "सांगली साईडचा दिसतोय." "गोरा हाय की रं." "आसतात गोरी मानसं तिकडं." मला घाम फुटला. आता ते वाक्य येणार आणि हसण्यात बुडून जाणार. मी शाल सावरत भावाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो, मुद्दाम मागे, त्याला दिसू नये म्हणून.

बागेत सकाळ झाली. म्हातारा पाठ करून उभा. धाकटा मालक उंबरा ओलांडून बाहेर आला.

"कुनीकडं निघालास रं?"

देवळाच्या भिंतीला लागून आवाज परत आला. मंडळाने स्पीकर यात्रेचे लावले होते, अख्ख्या गावाला आबा ऐकू आले. पुढे बसलेली एक म्हातारी "अगं बया" म्हणाली. आबा जाऊन इतकी वर्षं झाली, पण जुन्या माणसांना तो आवाज ठाऊक होता. कोणी हसलं नाही.

भावाची मान वर झाली. वाकडं तोंड हललं, थांबलं, परत हललं. आणि घोगरा, तुटका, पण त्याचाच आवाज आला.

"कुटं न्हाई. हितंच हाय."

वहिनीने तोंडात पदर कोंबला. शेजारचा परीक्षक उठून उभा राहिला आणि खाली बसायचं विसरला. पडद्यावर धाकटा मालक इकडेतिकडे बघत फाटकाकडे निघून गेला, त्याचं कोणाला काही पडलं नव्हतं. भाऊ त्या पाठीकडे बघत होता. गोऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे. पुढे होऊन मी त्याच्या खुर्चीपाशी खाली मातीत बसलो. मला रडू फुटलं होतं, अगदी हमसून, शाल नाकाला लावून. मालिकांमध्ये मी मेलेला असतो म्हणून लोक रडतात, इथे मी जिवंत होतो आणि मीच रडत होतो. तरी राहवेना. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आबांच्या आवाजात पुन्हा म्हटलं, "कुनीकडं निघालास रं?"

भावाने सावकाश मान खाली केली. माझ्याकडे बघितलं. टक्कल, चष्मा, शाल, शेंबूड. वरपासून खालपर्यंत. त्याच्या चांगल्या बाजूच्या ओठात काहीतरी दाबलेलं दिसलं.

"तू गप," तो म्हणाला.

पडद्यावर म्हातारा मरायला लागला होता आणि अध्यक्ष माईक घेऊन माझ्याकडे येत होता, दोन शब्द बोला म्हणून. मी हाताने नको म्हटलं. थोरल्या भावाने सांगितलं होतं, मी गप बसलो.